मातीतून आलेले औषध मातीत घालवू नका

पुण्याहून पौडच्या रस्त्याने निघाले, की चांदणी चौक आणि भूगाव मागे टाकून आपण भुकूमला येतो. इथल्या खाटपेवाडीच्या बाजूला रामनदी उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण असे करीत मुळेला मिळते. भाताची खाचरे आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारती, असे गावाचे आजचे रूप आहे. भुकूमच काय, आपल्या कुठल्याही गावात घडणारी एक गोष्ट पाहा.

घरातल्या आजींना ताप येतो, लघवीला जळजळ होते. फडताळात मागच्या दुखण्यातल्या चार गोळ्या शिल्लक असतात. "ह्याच घ्या आई, मागं ह्यांना गुण आला होता," असे म्हणून सून त्या देते. दोन दिवस ताप उतरतो. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरते, कमरेत कळा येतात, आजी भ्रमात बोलू लागतात. मग धावपळ सुरू होते. डॉक्टर विचारतात, "आधी कोणते औषध दिले होते?" आणि घरात कुणालाच नाव सांगता येत नाही.

दुखणे असे का बळावते? ते समजून घेऊ.

दुहेरी अंगरख्याचे जंतू

१८८४ साली हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांनी जंतूंना रंग देऊन ओळखण्याची एक रीत प्रसिद्ध केली. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काहींचा तो धुतला जातो. रंग न धरणाऱ्यांना ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात. लघवीचा जंतुसंसर्ग करणारा ई. कोलाय, विषमज्वराचा साल्मोनेला, फुप्फुसाला सूज आणणारा क्लेब्सिएला आणि पटकीचा जंतू हे सारे या गटातले. १८९७ साली पुण्यात हाहाकार माजवणाऱ्या प्लेगचा जंतूही यातलाच.

यांच्या अंगावर एक जादा बाहेरचे आवरण असते. त्यामुळे पुष्कळशी औषधे आत शिरतच नाहीत, आणि शिरली तरी काही जंतू ती बाहेर फेकतात. हे जंतू रक्तात पसरले, की त्या आवरणातल्या विषारी द्रव्याने सारे शरीर खवळते. ताप चढतो, रक्तदाब घसरतो आणि मूत्रपिंडे थकतात.

शेतकऱ्याच्या पोराने शोधलेले औषध

पेनिसिलिन यातल्या बहुतेक जंतूंपुढे चालत नव्हते. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुणाने स्ट्रेप्टोमायसिन शोधले. शॅट्झ शेतावर वाढलेला. औषध बनवणारा सूक्ष्मजीव त्याला भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीत सापडला! क्षयावरही हे औषध लागू पडले. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले.

मातीने दिलेल्या या औषधाचे आपण काय केले? टेट्रासायक्लीनबरोबर मिसळून डाळिंबाच्या तेल्या रोगावर त्याच्या फवारण्या केल्या. दुसरे असेच औषध कोलिस्टिन. मूत्रपिंडांना त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले होते. आता इतर औषधे हरली, की रुग्णासाठी तेच शेवटचे म्हणून काढावे लागते. आणि तेच कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात घातले जात होते.

एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे मारले, की कीड त्याला दाद देत नाही. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही जुमानले नाही, हे आपण पाहिलेच. जंतूंचेही तसेच. थोड्या औषधाने दुबळे मरतात, चिवट उरतात, आणि ते आपला चिवटपणा शेजारच्या जंतूंनाही देतात. कोंबडीखत शेतात जाते, पावसाचे पाणी ओढ्यात जाते, सांडपाणीही तिथेच मिळते. ओढ्याचे पाणी माणसाच्या घरात यायला कितीसा वेळ?

म्हणूनच केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी केली. शेतीतले स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लीन टप्प्याटप्प्याने बंद करून १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंदी आणली. शिल्लक पाकीट घरात असले तरी ते फवारू नये. तेल्यासाठी निरोगी रोपे, रोगट फांद्यांची छाटणी आणि बागेची स्वच्छता हाच पाया धरावा.

उपचार कसा होतो

हुडहुडीचा ताप, जोराचा श्वास, भ्रम, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे यातले काही दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा. म्हातारी माणसे, मधुमेही, बाळंतीण आणि तान्हे मूल यांच्या बाबतीत तर मुळीच थांबू नये.

दवाखान्यात शक्यतो औषध सुरू करण्याआधी रक्ताचा, लघवीचा नमुना 'कल्चर'साठी घेतात. त्या जंतूला कोणते औषध मारते, हे दोन-तीन दिवसांत कळते. आजार गंभीर असेल तर डॉक्टर तोवर थांबत नाहीत. अंदाजाने शिरेतून औषध सुरू करतात, सलाइन देतात, कुठे पू साठला असेल तर काढतात आणि अहवाल आला की औषध बदलतात. "इतक्या तपासण्या कशाला?" असे म्हणू नका. बी पेरण्याआधी माती तपासतो, तसेच हे आहे.

घरी एवढे पाळा: गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस पूर्ण घ्या. उरलेल्या ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका. साध्या सर्दीला ही औषधे मागू नका, सर्दीच्या विषाणूवर ती चालत नाहीत. घेतलेल्या औषधाची चिठ्ठी जपून ठेवा. पिण्याचे पाणी उकळा आणि शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवा. विषमज्वराची लस आहे, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. कोंबड्यांना पशुवैद्यांच्या सल्ल्यावाचून औषध देऊ नका आणि दिलेच तर त्यांनी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत अंडी-मांस विकू नका.

शिवारातले पाणी आपण सर्वांचे मानतो. एकाने उपसले तर सगळ्यांच्या विहिरी आटतात. औषधाचा गुणही तसाच आहे. फडताळातल्या चार गोळ्या टाकून देऊन सूनबाईने आजींना पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेले, तर तो गुण आजींसाठी राहील आणि उद्या तिच्या लेकरासाठीही.