रात्रीच्या पाळीला खिशात बॅटरी हवी

रब्बीचे पाणी सुरू झाले की परभणी जिल्ह्याच्या शिवारात रात्रीची वर्दळ वाढते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटले की पाथरी, मानवत, परभणी तालुक्यांत चारीवर रात्रभर माणसे दिसतात. विहीर-बोअरवाल्यांची गत काही निराळी नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि पाळी रात्रीची असली की मोटार चालू करायला अंधारातच निघावे लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. जिथे ही सोय पोचली तिथला शेतकरी सुटला. जिथे पोचायची आहे तिथे थंडी, चिखल, अंधार आणि इचू-काट्याचे भय आहेच.

अशा वेळी माणसाजवळ काय असावे? काठी, पायात बूट आणि बॅटरी. बॅटरी बहुतेक घरांत असते, पण ती असते खुंटीला. तीन सेलची, हातभर लांबीची. "हितं तर जायचंय बांधापोतर, कशाला घेता ती मुसळं?" असे म्हणून माणूस तसाच निघतो. घात होतो तो याच बांधापर्यंतच्या वाटेवर. म्हणून बॅटरी घेताना पहिला विचार उजेड किती लांब जातो याचा करू नये. ती रोज, न विसरता, अंगावर राहील का, याचा करावा.

साप दिसला पाहिजे

आपल्या भागात माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यातली मण्यार पक्की निशाचर. घोणसही बहुधा रात्रीच बाहेर पडते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज मांडला आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक खेड्यातले आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले.

साप होऊन माणसाच्या मागे लागत नाही. पाय पडला, हात लागला की चावतो. दोन पावले पुढचे दिसले तर बहुतेक दंश टळतात. आखाड्यावर कडब्याच्या गंजीत हात घालताना, स्टार्टरचा डबा उघडताना, इंजिनाच्या खोलीचे दार लोटताना, चारीचे तोंड मोडताना आधी उजेड, मग हात, अशी सवय घरातल्या पोरांनासुद्धा लावावी.

मोबाइलचा उजेड आहे की!

हा प्रश्न हटकून विचारला जातो. मोबाइलचा दिवा अडीनडीला बरा. पण चिखलाच्या हाताने त्याचे बटण लागत नाही, हातातून निसटला तर थेट दंडात आणि एक हात त्यातच अडकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काही बरेवाईट झाले तर १०८ ला फोन त्याच मोबाइलवरून लावायचा आहे. उजेडासाठी त्याची चार्जिंग संपवली तर ऐन वेळी माणूस आंधळाही आणि मुकाही. बॅटरी वेगळी असावी.

मोठ्या बॅटरीचा जमाना गेला

पूर्वी उजेड हवा तर बॅटरी मोठीच घ्यावी लागे. पितळी, चकचकीत 'जीवन साथी' बॅटरी ज्यांच्या घरी होती त्यांना तिचे वजन आठवत असेल. नुसते दोन मोठे सेलच दोनशे ग्रॅमच्या घरात जात. त्यातला तारेचा बल्ब अडीच व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा, म्हणजे पाऊण वॅट वीज खाणारा. त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जाई, उजेड थोडाच पडे. आपटली की तार तुटे.

एलईडी दिव्याने हे गणित बदलले. उजेड मोजण्याचे माप आहे लुमेन. चांगला एलईडी एका वॅटला शंभराच्या आसपास लुमेन देतो, जुना छोटा बल्ब त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे अर्ध्या वॅटच्या एलईडीचा उजेड त्या पाऊण वॅटच्या बल्बाच्या कितीतरी पुढे जातो. त्यामुळे भिंतीच्या घड्याळात बसतो तो पेन्सिल सेल, एक किंवा दोन, एवढ्यावर कामाची बॅटरी चालते आणि ती सदऱ्याच्या खिशात मावते.

दुकानात काय पाहावे?

सेल कोणता लागतो ते आधी विचारावे. रात्री आठ वाजता गावातल्या किराणा दुकानात मिळेल तोच सेल आपला. पेन्सिल सेल सगळीकडे मिळतो. नाण्यासारखे चपटे सेल लागणारी बॅटरी स्वस्त दिसते, पण सेलसाठी तालुक्याला खेटे घालावे लागतात.

दोन सेलची बॅटरी आतून साधी असते. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास दाब लागतो, दोन सेल मिळून तो होतो. एका सेलच्या बॅटरीत दाब वाढवणारे छोटे सर्किट घालावे लागते. ती आकाराने अधिक सुटसुटीत, पण सर्किट गेले तर गावात दुरुस्ती नाही.

बटण एकच असावे. एकदा दाबले की उजेड, पुन्हा दाबले की बंद. काही बॅटऱ्यांत पाच-सहा प्रकार असतात: मंद, तेज, लुकलुकणारा आणि आणखी काय काय. घाईच्या वेळी बंद करायला गेले की लुकलुक सुरू होते. मंद आणि तेज हे दोन प्रकार पुष्कळ झाले. बटण ओल्या हाताने, अंगठ्याने लागते का आणि खिशात आपोआप तर दाबले जात नाही ना, हे दुकानातच करून पाहावे.

उजेडाचा झोत भिंतीवर टाकून बघावा. मधे एक ठिपका तेज आणि भोवती काळोख, असा झोत लांबचे रानडुक्कर हुडकायला ठीक. पायापुढचे पाहायला भोवतीही पसरट उजेड लागतो. पुढचे तोंड सरकवून झोत लहान-मोठा करायच्या बॅटऱ्या दिसायला छान, पण त्या सरकत्या भागातून माती-पाणी आत शिरते. उजेड फार निळसर नसावा. किंचित पिवळसर उजेडात मातीचा, पाचटाचा आणि सापाच्या अंगाचा रंग बरा ओळखू येतो.

खोक्यावरच्या हजारो लुमेनच्या आकड्याला भुलू नये. खिशात मावणाऱ्या स्वस्त बॅटरीवर असा आकडा लिहिला असेल तर दुकानदारालाच विचारावे, एवढी वीज येणार कुठून? वाटेने चालायला पन्नास ते शंभर लुमेन भरपूर होतात आणि सेलही टिकतो.

मागचे झाकण उघडून रबराची वायसर आहे का पाहावे. खोक्यावर 'आयपीएक्स ४' असेल तर उडालेले पाणी सोसते. 'आयपीएक्स ७' असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. चाऱ्यावर काम करणाऱ्याने दुसरी शोधावी. एक दोरी ओवायची कडीही हवी. दोरी मनगटात असली की बॅटरी पाण्यात जात नाही.

चार्जिंगची घ्यावी का?

घ्यावी, पण आत काय आहे ते विचारून. स्वस्त चार्जिंगच्या बॅटऱ्यांत पुष्कळदा शिशाची, म्हणजे लेड-अॅसिड बॅटरी असते. ती उतरलेली तशीच महिनाभर पडली की आतून खराब होते, मग कितीही चार्ज करा, उजेड पाच मिनिटे. लिथियमची हलकी असते आणि चार्ज जास्त धरते. तिच्यावर भारतीय मानकाचा 'आयएस १६०४६' हा क्रमांक छापलेला असावा. मात्र काही लिथियम बॅटऱ्या संपताना सूचना न देता एकदम बंद पडतात. साध्या सेलची बॅटरी हळूहळू मंद होते, म्हणजे घरी परतायचा इशारा मिळतो.

घरातली सोय अशी लावता येईल: आखाड्यावर जागलीला चार्जिंगची मोठी आणि खिशात पेन्सिल सेलची लहान. पेन्सिल सेलच्याच मापाचे चार्ज होणारे सेलही मिळतात. रोज वापर असेल त्याला ते परवडतात.

निगा

जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. संपलेला सेल आत ठेवला तर पाझरतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत. स्प्रिंगवर हिरवट-पांढरे बूड चढले तर कोरड्या फडक्याने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासावे. दोन नवे सेल घरात ठरलेल्या जागी असावेत आणि ती जागा सगळ्यांना ठाऊक असावी.

तरीही दंश झालाच तर

माणसाला चालवू नये, धीर द्यावा, दंश झालेला हात-पाय फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, अंगठी-कडे काढावे. करकचून बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे आणि मांत्रिकाकडे वेळ घालवणे, हे चारही टाळावे. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. "काय नाही, मुंगी चावली आसंल" म्हणून निजलेला माणूस पहाटे उठत नाही. शंका आली तरी दवाखाना गाठावा. या चारही सापांवर एकच प्रतिविषाची लस चालते, म्हणून साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

गावच्या कारभाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने आणि विजेच्या धक्क्याने झालेला मृत्यू येतो आणि वारसाला २ लाख रुपये मिळतात. दवाखान्याचे कागद आणि पोलीस पंचनामा वेळेवर झाला नाही तर प्रस्ताव अडकतो. दुःखातल्या घराला हे सुचत नाही, म्हणून सरपंच-पोलीस पाटलांनी पुढे व्हावे आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयात प्रस्ताव मुदतीत पोचेल असे बघावे.

दिवसा विजेची मागणी लावून धरायचीच आहे. पण ती पुरी होईतो पाळी आज रात्रीचीच आहे. येत्या बाजाराला बी-बियाणे, मीठ-मिरची आणताना खिशात मावेल अशी एक बॅटरी आणि चार सेल पिशवीत टाकावेत. घरात रात्रीचे शेतात जाणारे दोघे असतील तर बॅटऱ्याही दोन घ्याव्यात. एकीवर दोघांचे भागत नाही, कारण एक जण मोटारीवर असतो आणि दुसरा सऱ्यांत.