होडीतले कोळी

कोळ्यांच्या होडीत कोळी! हसू नका हं मैत्रिणींनो. पावसाळी मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीनं झाकलेली होडी दोनेक महिने अंधारात असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास उघडावी, तर केबिनभर जळमटं!

मग घाईघाईनं औषधाचा फवारा आणला जातो. पण जरा थांबा. केबिन ती केवढीशी. तिथंच स्टोव्ह, तिथंच खलाशांची झोप. शिवाय घरगुती फवाऱ्यात बहुधा पायरेथ्रॉइड जातीचं औषध असतं, आणि ते माशांना अत्यंत विषारी! होडी धुतली, की ते पाणी खाडीतच जायचं. म्हणजे आपल्याच पोटावर पाय की!

त्यापेक्षा लांब काठीला केरसुणी बांधा. जाळ्यांबरोबर सांदीकोपऱ्यांतल्या अंड्यांच्या पिशव्याही काढा. एकेकीत शेकडो अंडी असू शकतात. सगळं साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. जुने दोर, पोती, रिकामी खोकी बाहेर काढा, फळ्या पुसा आणि ऊन पडेल तेव्हा केबिन सताड उघडी ठेवा.

रात्री मात्र दार लावूनच दिवा लावा. दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. खायलाच मिळालं नाही, तर हा पाहुणा राहील कशाला?