कारखाना कोळारला, प्रयोगशाळा कुठे?

बिदर शहराला लागून असलेल्या कोळार औद्योगिक वसाहतीत औषधांचे मूळ घटक तयार करणारे कारखाने आहेत. भालकी, औराद, बसवकल्याणकडची मुलं तिथे पाळीने कामाला जातात. जमीन बिदरची, पाणी बिदरचं, मजूरही इथलेच. पण कोणतं रसायन, किती तापमानाला, कोणत्या क्रमाने बनवायचं, हे ठरतं प्रयोगशाळेत. ती प्रयोगशाळा हैदराबादला असते, पुण्या-मुंबईला असते, कधी थेट हॉलंड-इंग्लंडला असते. कारखाना एका गावी आणि संशोधन दुसऱ्याच देशात, ही वाटणी कंपन्या कशाच्या आधारावर करतात? सीमाभागातल्या आपल्या मुलांचं भवितव्य या प्रश्नाशी बांधलेलं आहे.

दोन हेतू, दोन पत्ते

वॉल्टर क्युमर्ले या अभ्यासकाने १९९७ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त परदेशी प्रयोगशाळांची दोन प्रकारांत विभागणी केली. काही कंपन्या स्वतःजवळचं ज्ञान परक्या बाजारासाठी बदलून घेतात. मराठवाड्याच्या काळ्या मातीत चालेल आणि उसाची ट्रॉली ओढेल असा ट्रॅक्टर हवा असेल, तर ते काम इथल्या कारखान्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या जवळच करावं लागतं. दुसऱ्या प्रकारच्या कंपन्या परदेशात जातात त्या शिकायला. त्या विद्यापीठाच्या दारात जागा शोधतात.

पुण्यात गाड्या बनवणाऱ्या टाटा मोटर्सने २००५ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या आवारात युरोपीय तंत्रकेंद्र उभारलं. तिथे पगार पुण्यापेक्षा कितीतरी जास्त. तरीही कंपनी तिथे गेली, कारण गाडीच्या रचनेतले जाणते अभियंते आणि त्यांना घडवणारं विद्यापीठ तिथे होतं. उलट दिशेने मर्सिडीज आली. तिच्या मोटारी पुण्यात बनतात, पण भारतातलं संशोधन केंद्र तिने १९९६ मध्ये सुरू केलं ते बंगळुरूत. म्हणजे कारखाना आला की पाठोपाठ प्रयोगशाळा येतेच, असं नाही.

स्वस्ताईचा गैरसमज

आपल्याकडे पगार कमी, म्हणून परदेशी कंपन्या इथे संशोधन करतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जेरी आणि मेरी थर्स्बी या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी दोनशेहून अधिक बहुराष्ट्रीय कंपन्यांना याबद्दल विचारलं. २००६ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात निराळं चित्र दिसलं. भारत-चीनसारख्या देशांत प्रयोगशाळा काढताना कंपन्या वाढती बाजारपेठ आणि संशोधकांचा दर्जा यांना अधिक वजन देत होत्या. प्रगत देशांत त्या दर्जेदार माणसं, पेटंटचं संरक्षण आणि प्राध्यापकांचं ज्ञान पाहत होत्या. खर्चाचा विचार होता, पण निर्णय एकट्या खर्चावर होत नव्हता.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा अनुभव हेच सांगतो. डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ मध्ये तिथे संचालक झाले आणि पेटंट घेण्यावर त्यांनी भर दिला. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकवरच्या तिथल्या कामाने जनरल इलेक्ट्रिकचं लक्ष वेधलं. त्या क्षेत्रातली ती बलाढ्य कंपनी, तरी तिने पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेशी करार केला. हे शास्त्रज्ञ इतके चांगले असतील तर आपण स्वतःच भारतात का जाऊ नये, हा विचार कंपनीत तिथून सुरू झाला, असं माशेलकर सांगत आले आहेत. २००० मध्ये जनरल इलेक्ट्रिकने बंगळुरूत आपले तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांच्या नावाचं तंत्रकेंद्र उघडलं. आधी काम दिसलं, मग गुंतवणूक आली.

हैदराबाद कसं घडलं

कोळारच्या दृष्टीने सगळ्यात जवळचा धडा हैदराबादचा. १९४४ मध्ये निजाम सरकारने तिथे शास्त्रीय व औद्योगिक संशोधनासाठी प्रयोगशाळा काढली. बिदरही तेव्हा त्याच राज्यात होतं. हीच संस्था पुढे केंद्राकडे गेली आणि आज ती भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. नंतर आयडीपीएल हा सरकारी औषध कारखाना आला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट मिळू लागलं, आणि नवी पद्धत शोधणाऱ्या रसायनतज्ज्ञाला भाव आला. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटी) शिकलेले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच.डी. केलेले अंजी रेड्डी आयडीपीएलमध्ये लागले आणि १९८४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

त्या कंपनीने १९९७ मध्ये स्वतः शोधलेला मधुमेहावरचा रेणू डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कला परवान्यावर दिला. २००५ पासून भारतात औषधालाही पेटंट मिळू लागलं, तेव्हा नक्कल करून भागणार नव्हतं. २००८ मध्ये तिने केंब्रिजमधली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा घेतली, २०१३ मध्ये हॉलंडमधल्या लायडनची ऑक्टोप्लस कंपनी घेतली. जे कौशल्य घरी नव्हतं, ते जिथे होतं तिथे जाऊन घेतलं.

फ्लास्कपासून रिअ‍ॅक्टरपर्यंत

मग कारखान्याच्या गावाला संशोधनात वाटाच नाही का? आहे, आणि तो मोठा आहे. प्रयोगशाळेत काचेच्या फ्लास्कमध्ये दहा ग्रॅम रसायन बनतं. अभिक्रियेत उष्णता सुटली तरी बर्फाच्या पाण्यात फ्लास्क धरला की भागतं. तेच काम हजारो लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये केलं की गणित बदलतं. आकारमान वाढतं त्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग वाढत नाही, त्यामुळे उष्णता आतच कोंडते. दुसरं रसायन थेंबाथेंबाने किती वेळात सोडायचं, ढवळायचं किती वेगाने, रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधून किती थंड पाणी फिरवायचं, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं. चुकलं तर उत्पादन बिघडतं, क्वचित स्फोटही होतो. रिअ‍ॅक्टरपाशी उभा असलेला शिफ्ट केमिस्ट यातलं जे पाहतो, ते दूरच्या प्रयोगशाळेला दिसत नाही. प्रक्रिया सुधारणं, द्रावक परत मिळवणं, सांडपाणी निर्धोक करणं, नमुने तपासणं, हे संशोधन कारखान्याजवळच चांगलं होतं. सांडपाण्याच्या आणि उग्र वासाच्या तक्रारी कोळारच्या आसपास होत आल्या आहेत. त्यांवर उपाय शोधणंही उच्च दर्जाचं संशोधनच आहे.

बिदरने काय मागावं

बिदरला विद्येचं केंद्र होणं नवं नाही. इराणच्या गिलानहून आलेल्या महमूद गावानने १४७२ मध्ये इथे मदरसा उभा केला आणि दूरदेशीचे विद्वान इथे आले. मोठी ग्रंथशाळा आणि शिकवणारी माणसं होती, म्हणून ते आले. आज गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय १९८० पासून इथे आहे, पशुवैद्यक विद्यापीठ आहे, कलबुर्गी जिल्ह्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ २००९ मध्ये सुरू झालं. यांच्यात आणि कोळारच्या कारखान्यांत रोजचं येणं-जाणं हवं. विद्यार्थ्यांचे प्रकल्प कारखान्याच्या खऱ्या अडचणींवर व्हावेत, जिल्ह्यात मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळा असावी, रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रक्रिया-विकासाचा विषय असावा.

उद्योग आणा, अशी मागणी आपले पुढारी जाहीरनाम्यात नेमाने करतात. त्यासोबत प्रयोगशाळेची मागणी झाली पाहिजे, आणि ती जमीन-पाण्याच्या सवलतीच्या भाषेत होऊन चालणार नाही. करसवलत दुसरं राज्यही देतं, उद्या आणखी जास्त देईल. पाच-दहा वर्षं खपून घडवलेले शंभर चांगले रसायनतज्ज्ञ मात्र कुणाला एका आदेशाने दुसरीकडे उभे करता येत नाहीत. कंपनी त्यांच्या शोधात येते. भालकी-औरादच्या मुलांमधून ते घडवणं आपल्या हातात आहे, आणि आज सुरुवात केली तर पुढच्या पिढीला संशोधनासाठी गाव सोडावं लागणार नाही.