अनुक्रम आणि अखेरचा सामना

अमेरिकेंत महाविद्यालयांचे बास्केटबॉलचे सामने ‘कॉन्फरन्स’ नांवाच्या मंडळांतून होतात. मंडळांतील संघ हिंवाळ्यांत एकमेकांशीं खेळतात व त्या सामन्यांवरून त्यांचा अनुक्रम ठरतो. पुष्कळदां असें दिसतें कीं, दोनतीन संघ वर जाऊन बसतात आणि बाकीचे त्यांच्या खालीं धडपडत राहतात. असें कां व्हावें? आणि अनुक्रम म्हणजे सामर्थ्याचें पुरें माप होय काय? हे प्रश्न विद्यार्थ्यांप्रमाणेंच निकालाकडे डोळे लावून बसणाऱ्या पालकांनींही विचारांत घेण्याजोगे आहेत. त्यांचा उलगडा करण्यास ‘बिग ईस्ट’ मंडळाचा १९८४-८५ चा हंगाम आम्हांस फार उपयोगी वाटतो.

हें मंडळ १९७९ सालीं स्थापन झालें. १९८४-८५ मध्यें त्यांत नऊ संघ होते. प्रत्येकानें इतर आठांशीं दोन-दोन वेळां, म्हणजे एकंदर सोळा सामने खेळावयाचे. अखेरीस न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सनें १५ सामने जिंकले, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊननें १४. त्यांच्या खालीं सिरॅक्यूज व फिलाडेल्फियाजवळील व्हिलानोवा हे बरोबरीनें होते. परंतु त्यांचे विजय प्रत्येकीं नऊच. सर्वांत खालच्या सीटन हॉलच्या वांट्यास अवघा एक विजय आला.

या वर्चस्वाचें पहिलें कारण खेळाच्या रचनेंतच आहे. क्रिकेटच्या संघांत अकरा गडी असतात. येथें एका वेळीं पांचच खेळतात. म्हणून एका असामान्य खेळाडूचें वजन फार पडतें. जॉर्जटाऊनपाशीं सात फूट उंचीचा पॅट्रिक ईविंग होता, तर सेंट जॉन्सपाशीं अचूक नेमाचा ख्रिस मलिन. दुसरें कारण असें कीं, जेथें यश व अनुभवी प्रशिक्षक, तिकडेच नवे गुणी खेळाडू ओढले जातात. जॉर्जटाऊनचे जॉन टॉम्सन १९७२ पासून त्या जागेवर होते व त्यांच्या संघानें १९८४ चें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें होतें. तिसरें कारण, सामन्यांची संख्या. एखाद्या दिवशीं दैव साथ देईल. पण सोळा सामन्यांत शेवटीं खरें बळच वर येतें.

यानंतर मात्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. १९८५ सालीं तींत प्रथमच चौसष्ट संघ घेतले होते. एक पराभव झाला कीं संघ बाद, असा तिचा नियम. केंटकी संस्थानांतील लेक्सिंग्टन शहरीं जे शेवटचे चार संघ पोहोंचले, त्यांत जॉर्जटाऊन, सेंट जॉन्स व व्हिलानोवा असे तीन एकट्या बिग ईस्टचेच होते! मंडळांत नऊच सामने जिंकणारा संघ दुबळा नव्हता. त्याची गांठ बलाढ्यांशीं पडत होती, एवढेंच.

१ एप्रिल १९८५ रोजीं अंतिम सामन्यांत व्हिलानोवा व जॉर्जटाऊन समोरासमोर आले. त्याच हंगामांत जॉर्जटाऊननें त्यांस दोनदां हरविलें होतें; एकदां ५२-५०, पुन्हां ५७-५०. फरक मोठा नव्हता. त्या स्पर्धेंत चेंडू अमुक वेळांतच टाकला पाहिजे असें बंधन नव्हतें. पंचेचाळीस सेकंदांची मर्यादा तींत पुढील वर्षीं आली. व्हिलानोवाचे खेळाडू घाई न करितां योग्य संधीची वाट पाहत राहिले. त्यांनीं खेळांतून अठ्ठावीस वेळां नेम धरिला, त्यांपैकीं बावीस वेळां चेंडू टोपलींत गेला. उत्तरार्धांत तर दहांपैकीं एकच नेम चुकला. सामना त्यांनीं ६६-६४ असा जिंकला.

यावरून मंडळाचा अनुक्रम खोटा ठरला, असें आम्हांस वाटत नाहीं. वर्षभर सातत्यानें कोण खेळलें हें अनुक्रमानें खरेंच सांगितलें. त्या एका रात्रीं कोण सरस होतें हें अंतिम सामन्यानें सांगितलें. मात्र दोन गुणांचा तो विजय त्या रात्रींच निर्माण झाला नव्हता. आपल्याहून बलवान संघांशीं हिंवाळाभर झुंजून, दोन पराभव सोसून व्हिलानोवानें तो हळूहळू कमाविला होता. अनुक्रमाच्या आंकड्यांत ही कमाई दिसत नाहीं. पण ती तेथें असते. आपल्या मुलाचा वर्गांतील क्रमांक पाहतांना पालकांनीं, आणि आपला पाहतांना मुलांनीं, एवढें ध्यानांत ठेविलें तरी पुरे.