पेन्शनर शिपायांची मंडळी

महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. लष्करातून 1886 मध्ये निवृत्त झाल्यावर ते दापोलीला राहिले. तिथे पेन्शनर महार शिपायांची मोठी वस्ती होती. पलटणीत लिहाय-वाचायला शिकलेली, शिस्तीत वाढलेली ही माणसं आपापल्या घरी पेन्शन खात बसली असती, तरी त्यांना कुणी बोल लावला नसता. पण वलंगकरांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ उभारली आणि पलटणीतला बंधुभाव समाजाच्या कामी लावला.

1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच सवाल केला. 1890 नंतरच्या काळात सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा 1894 मध्ये मंडळीच्या नावाने सरसेनापतींना उद्देशून अर्ज लिहिला गेला. माझ्या मते त्यांच्या नेतृत्वाची खरी उंची इथे दिसते. त्यांची स्वतःची नोकरी संपली होती, पेन्शन चालू होती; मागणी होती ती पुढच्या पिढीसाठी. ही भरती पुन्हा सुरू झाली पहिल्या महायुद्धात. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली, 1921 मध्ये मोडली. महार रेजिमेंट स्थापन झाली 1941 मध्ये, बेळगावला.

वलंगकरांची 1895 मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. सवर्ण सभासदांनी त्यांच्यासोबत बसण्याला विरोध केला. त्यांचं निधन 1900 मध्ये झालं. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर 27 वर्षांनी, याच महाडात.