ध्येय एका कागदावर, पैसा दुसऱ्यावर

शिक्षण हक्क कायद्याच्या नमुना नियमांनुसार प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो. दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की त्यासाठी जेमतेम दोन महिने उरतात. शाळेला काय हवे, त्याला किती पैसा लागेल आणि तो कुठून येईल, हे गावाने ठरवण्याचे दिवस हेच. पण आपल्या मुलाच्या शाळेचा आराखडा डोळ्यांनी पाहिलेला पालक खेड्यापाड्यांत शोधूनच काढावा लागतो. असे का होते आणि ते कसे बदलता येईल, हे एका गावाच्या अंगाने तपासावे, म्हणून हा लेख. गाव आहे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले जेऊर.

दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे जेऊर हे करमाळा तालुक्यातले एक रेल्वे स्टेशन. उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी जवळ असल्याने या पट्ट्यात ऊस आणि केळी. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र कोरडवाहू रान. एकाच तालुक्यात बागायतदाराचे घर आहे, कोरडवाहू शेतकऱ्याचे आहे आणि हंगामापुरती उभी राहणारी ऊसतोड मजुराची कोपीही आहे. नागराज मंजुळे याच जेऊरचे. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाचा विषयच शाळेची ओढ असूनही शाळेबाहेर राहिलेला मुलगा हा आहे. शाळेचे नियोजन करताना तो मुलगा मोजला जातो की नाही, हा प्रश्न या गावाला परका नाही.

गाव आधीपासूनच पैसे देत आले आहे

‘शाळा सरकारची’ असे आपण सहज म्हणतो. इतिहास वेगळे सांगतो. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ बसवला गेला. त्याचे दोन वाटे रस्त्यांना आणि एक वाटा शाळांना, अशी विभागणी होती. म्हणजे खेड्यातली मराठी शाळा पहिल्यापासून शेतकऱ्याच्या पैशावर उभी आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे वळतो, ही त्यांची तक्रार. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी. पैसा कोणाचा आणि तो कोणाच्या मुलावर खर्च होतो, हा हिशेब मागणारा महाराष्ट्रातला हा फार जुना आणि फार स्पष्ट आवाज आहे.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि घरोघरच्या मूठमूठ धान्याचा मुष्टिफंड शिक्षणाच्या कामी लावला. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे आणला आणि १ मे १९६२ पासून तो जिल्हा परिषदांकडे आला. सोलापूर जिल्हा परिषद आज अकरा तालुक्यांत अडीच हजारांहून अधिक प्राथमिक शाळा चालवते. या प्रवासात पैसा देणाऱ्याचा हात कायम गावाचाच राहिला. तो पैसा कशासाठी वापरायचा हे ठरवणारा हात मात्र हळूहळू गावाबाहेर गेला.

कायद्याने दिलेला अधिकार

तो हात परत गावात आणण्याचा प्रयत्न २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने केला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या सदस्य महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा हव्यात. कलम २२ म्हणते की समितीने शाळा विकास आराखडा करावा. त्याच कलमाचे दुसरे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे आहे: हाच आराखडा सरकारच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार असेल. अनुदान वरून येईल आणि त्याप्रमाणे गावाने खर्च करावा, असा हा क्रम नाही. गावाने गरज मांडावी आणि त्याप्रमाणे अनुदान यावे, असा तो आहे.

आता आराखड्यात काय असावे हे नमुना नियमांत पाहू. तीन वर्षांचा आराखडा, त्यात तीन वार्षिक उपआराखडे. वर्गनिहाय पटाचा अंदाज, लागणारे जादा शिक्षक, लागणाऱ्या खोल्या व साहित्य आणि या सगळ्यासाठी लागणारा पैसा. यादी नीट वाचली की एक पोकळी दिसते. मुले काय शिकतील, याचा रकाना तिच्यात नाही.

तो रकाना दुसऱ्या कागदावर आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने उद्दिष्टे ठरवून दिली. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या त्याला कळाव्यात आणि २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मूल तिथे पोहोचावे. उद्दिष्ट स्वच्छ आहे, मोजता येणारे आहे. पण एखाद्या शाळेतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी त्या शाळेने कोणता पैसा कुठे वळवायचा, हे या कागदावर नाही. एका कागदावर पैसा आहे आणि ध्येय नाही; दुसऱ्यावर ध्येय आहे आणि पैसा नाही. आपल्या शालेय नियोजनाचे दुखणे मला इथे दिसते.

पंचवीस हजारांचा हिशेब

पैसा तरी किती? समग्र शिक्षा अभियानातून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळते. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००, २५१ ते १००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

हे आकडे मुलामागे मांडून पाहा. ३० पटाच्या वस्तीशाळेला मुलामागे ३३३ रुपये. एक मूल वाढून पट ३१ झाला की तोच आकडा ८०६. पट शंभर झाला की २५०. १०१ मुलांना ४९५ आणि २५० मुलांना २००. मूल तेच, त्याची गरज तीच, पण कोणत्या टप्प्यात ते पडते त्यावर त्याच्या वाट्याचा पैसा चौपट कमीजास्त होतो. यातून वीजबिल, खडू, झाडू, पिण्याच्या पाण्याची सोय, किरकोळ दुरुस्ती, संगणकाची देखभाल हे सगळे भागवायचे. ८० पटाच्या शाळेच्या २५,००० मधून स्वच्छतेचे २,५०० बाजूला काढले की उरतात २२,५००, म्हणजे महिन्याला १,८७५ रुपये. त्यात हा पैसा बऱ्याचदा आर्थिक वर्षाच्या शेवटी खात्यावर दिसतो आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकावा लागतो. मग खर्च गरजेप्रमाणे न होता तारखेप्रमाणे होतो.

हा हिशेब पालकांच्या सभेत फळ्यावर मांडला, तर कुणालाही समजेल. तो मांडला जात नाही. मासिक सभेचे प्रोसिडिंग उघडले की विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग पोषण आहार, स्वच्छता, आयत्या वेळचे विषय, सूचक, अनुमोदक, सह्या. रोजंदारी बुडवून आलेली बाई सही करून परत जाते. तिची मुलगी वाचते का, हा विषय त्या वहीत नसतो.

रंगवलेल्या भिंती आणि त्यांच्या आतले वाचन

लोकांना शाळेचे काही पडलेले नाही, असे कुणी म्हणत असेल तर सोलापूर जिल्ह्याने त्याला उत्तर दिले आहे. करोनाने शाळा बंद पडल्यानंतरच्या काळात जिल्हा परिषदेने ‘स्वच्छ शाळा, सुंदर शाळा’ अभियान हाती घेतले आणि गावोगाव लोकवर्गणी उभी राहिली. कुणी रंग दिला, कुणी फरशी, कुणी संरक्षक भिंत. पुढे राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही बक्षिसांची स्पर्धा घेतली. शेजारच्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या मातीत देण्याची वृत्ती आहे आणि कर्तबगार शिक्षकही आहेत.

पण लोकवर्गणी दिसणाऱ्या गोष्टीकडे धावते. भिंतीवर देणाऱ्याचे नाव लिहिता येते. अडखळत वाचणाऱ्या मुलीसाठी घेतलेल्या पन्नास गोष्टींच्या पुस्तकांवर पाटी लावता येत नाही. म्हणून ध्येय आधी ठरले नाही, तर गावाचा पैसा प्रामाणिकपणे दिला जातो आणि तरी चुकीच्या जागी जातो.

नुसत्या सभेने काय होते?

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५ च्या सुमारास अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो, ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या रुक्मिणी बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८० गावांत एक प्रयोग केला. तिथे ग्रामशिक्षण समित्या होत्या, पण बहुसंख्य पालकांना त्या आहेत हेच ठाऊक नव्हते. काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचीही कल्पना नव्हती. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याखेरीज मुलांचे वाचन गावकऱ्यांकडूनच तपासून घेतले. काही गावांत या दोन्हींबरोबर गावातल्याच तरुणांना वाचनवर्ग घ्यायला शिकवले. पहिल्या दोन प्रकारांनी सरकारी शाळेत काही हलले नाही. तिसऱ्या प्रकारात जी मुले वर्गांना आली, त्यांचे वाचन स्पष्टपणे सुधारले.

यातला धडा कठोर आहे. अधिकारांची माहिती दिली, सभा भरवली, एवढ्याने मूल वाचायला लागत नाही. लोकांच्या हाती करता येण्याजोगे नेमके काम द्यावे लागते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये ध्येयाचा आणि पैशाचा असे दोन्ही कागद एकत्र शिवले. तिथे शाळा चालवणाऱ्या प्रत्येक जिल्हा मंडळाला मूळ अनुदानाखेरीज गरीब घरांतल्या, इंग्रजी अजून शिकत असलेल्या आणि पालकगृहात वाढणाऱ्या प्रत्येक मुलामागे २० टक्के जादा रक्कम मिळते. अशी मुले ५५ टक्क्यांहून जास्त असतील तर त्याच्या वर आणखी. बदल्यात मंडळाने पालकांच्या सल्ल्याने तीन वर्षांचा आराखडा करायचा, दरवर्षी तो सुधारायचा, जाहीर सुनावणी घ्यायची आणि १ जुलैपूर्वी मंजूर करायचा. प्रत्येक ध्येयासमोर कृती आणि प्रत्येक कृतीसमोर रक्कम. तिथेही अडचण आली. आराखडे शेकडो पानांचे झाले आणि पालकांना ते वाचवेनात. अखेर पालकांसाठी थोडक्यात अंदाजपत्रक देणे राज्याला सक्तीचे करावे लागले. आपण ती चूक टाळून सुरुवात करू शकतो.

एक पान, जेऊरसाठी

समजा, एका शाळेत तिसरीला २४ मुले आहेत. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची साधी चाचणी पालकांनीच घ्यावी: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट; मग हातच्याची वजाबाकी. एका संध्याकाळचे काम. त्यातून कळले की ९ मुले गोष्ट वाचतात, ८ परिच्छेदावर थांबतात आणि ७ शब्दांवर अडकली आहेत. मग आराखड्याची पहिली ओळ आपोआप तयार होते: मार्चअखेर ही सात मुले परिच्छेद वाचतील. दुसरी ओळ कृतीची: रोज एक तास वेगळा वाचनगट. तिसरी ओळ पैशाची: अनुदानातून पूरक पुस्तके इतक्या रुपयांची. चौथी ओळ माणसांची: जेऊरला भारत महाविद्यालय आहे, राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलामुलींना याहून चांगले काम कोणते? मुलांची नावे सभेत वाचून दाखवू नयेत, एवढे पथ्य पाळावे. आकडे पुरेसे आहेत.

याच पानावर हंगामाने येणाऱ्या मुलांचा रकाना हवा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मार्चपर्यंत राहतात. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांना जवळच्या शाळेत दाखल करून घेणे ही कायद्याने स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. सप्टेंबरच्या पटावर ही मुले नसतात, म्हणून अनुदानात नसतात, म्हणून आराखड्यातही नसतात. मुकादमाकडून टोळीतल्या मुलांची यादी मागून घेणे समितीच्या हातात आहे. सभा सकाळी अकराला न ठेवता दिवेलागणीनंतर ठेवणेही तिच्याच हातात आहे.

सगळेच गावाच्या हाती नाही, हेही खरे. शिक्षकांची पदे संच मान्यतेतून ठरतात आणि भरती पवित्र पोर्टलवरून होते. समितीच्या ठरावाने शिक्षक येत नाही. पण लेखी आराखड्यात मागणी नोंदलेली असेल, तर कलम २२ चा आधार घेऊन पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला जाब विचारता येतो. तोंडी गाऱ्हाण्याला तो आधार नसतो.

शिवाय पैशाची दुसरी वाट गावातच आहे. ग्रामपंचायत विकास आराखड्याची लोकमोहीम २ ऑक्टोबरपासून चालते, म्हणजे शाळा विकास आराखड्याच्याच दिवसांत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला आणि ४० टक्के स्थानिक गरजांसाठी मोकळा ठेवला. शाळेचे पाणी आणि शौचालय ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घातले, तर शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून पुस्तकांसाठी पैसा मोकळा होतो. दोन आराखडे एकाच गावात, एकाच महिन्यात, बहुधा एकमेकांना न विचारता तयार होतात. व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाने शाळेचे ते एक पान घेऊन ग्रामसभेत उभे राहावे आणि ठरावात नोंद करून घ्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा शासन निर्णयही लागत नाही.

 दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या सभेला जाणाऱ्या जेऊरच्या आणि कुठल्याही गावच्या पालकाने दोन प्रश्न विचारावेत: आमच्या वर्गातली किती मुले मार्चपर्यंत नीट वाचतील, आणि त्यासाठी यंदाच्या पैशांतले किती वापरणार? दोन्ही उत्तरे एकाच कागदावर लिहून मिळेपर्यंत सही करू नये.