हरणाचा कान आणि बाणाचा वेग

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड प्रकाराच्या अंतिम लढतीत १५ बाण सोडले आणि १५० पैकी १५० गुण घेतले. ५० मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. पंधराच्या पंधरा बाण तिथेच लागले. त्याच स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी महिलांची जगज्जेती ठरली. ज्या धनुष्याने हे पराक्रम झाले, ते मुळात जन्माला आले शिकारीसाठी. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात हरणांची शिकार करणाऱ्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. आज अमेरिकेतले लाखो शिकारी हेच धनुष्य घेऊन जंगलात जातात, आपल्या शिकारीचे चित्रीकरण करतात आणि कोणते साहित्य घ्यावे यावर हिरिरीने वाद घालतात. गंमत अशी, की चांगल्या नेमबाजाला ५० मीटरवरून ८ सेंटिमीटरचे वर्तुळ साधता येत असले, तरी त्यांच्यातले जाणते शिकारी हरणावर तेवढ्या अंतरावरून बाण सोडत नाहीत. बरेच जण तर ३० मीटरच्या आतच थांबतात. हरणाचे मर्मस्थान त्या वर्तुळाच्या तिप्पट रुंद असूनही हा आखडता हात का? उत्तर धनुष्यात शोधून सापडत नाही. ते हरणाच्या कानात आणि गुरुत्वाकर्षणात आहे. साहित्याची निवड आणि चित्रीकरण, दोन्हींचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

आधी बाण जीव कसा घेतो ते पाहू. कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना विषमकेंद्री चाके असतात. दोरी ओढताना सुरुवातीला ६० ते ७० पौंडांचा जोर लागतो, पण चाके फिरून पुढे गेली की तो झपाट्याने कमी होतो. ७० पौंडांचे धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातावर जेमतेम १४ पौंडांचा भार उरतो, म्हणून शिकारी दोरी ताणून धरून शांतपणे नेम घेऊ शकतो. सुटलेला बाण साधारण २७ ग्रॅम वजनाचा आणि सेकंदाला ८५ मीटर वेगाचा धरला, तर त्याची गतिज ऊर्जा १०० ज्यूलच्या आसपास भरते. मोठ्या जनावरांसाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलीच्या गोळीत याच्या तीस-पस्तीसपट ऊर्जा सहज असते. गोळी आघाताने आजूबाजूच्या उती फाडते. बाणाच्या अंगी ती ताकद नाही. बाण कापतो. त्याच्या टोकाला वस्तऱ्यासारखी धारदार पाती असतात, ती फुप्फुसांतून आरपार गेली तर रक्तस्राव होऊन मेंदूचा प्राणवायू तुटतो आणि जनावर काही सेकंदांत कोसळते. तीच पाती पोटात किंवा मांडीत घुसली, तर हेच मरण कित्येक तास लांबते. म्हणजे बाणाच्या बाबतीत ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची. पांढऱ्या शेपटीच्या हरणात हृदय आणि फुप्फुसे मिळून ही जागा साधारण २० ते २५ सेंटिमीटरची असते.

आता थोडे गणित. दोरी सुटताच ‘टण्ण’ असा आवाज होतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे बाणाच्या चौपट वेगाने. हरीण ३० मीटरवर असेल, तर आवाज ०.०९ सेकंदात त्याच्या कानी पोहोचतो आणि बाणाला ०.३५ सेकंद लागतात. मधले पाव सेकंद हरणाचे. बिचकून स्नायू हलायला ०.१ सेकंद लागतो असे धरू. बिचकलेले हरीण थेट उडी मारत नाही. उडीसाठी पाय आधी वाकवावे लागतात, त्यामुळे त्याचे धड खाली येते. पायांचा आधार सुटलेले शरीर साधारण गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणानेच खाली येऊ शकते, आणि वस्तू किती वेळात किती खाली येते याचे सूत्र शाळेत सगळेच शिकतात. उरलेल्या ०.१६ सेकंदात हरीण सुमारे १२ सेंटिमीटर दबकते. हेच गणित २० मीटरला केले तर घसरण जेमतेम ३ सेंटिमीटर येते आणि ४० मीटरला ३० सेंटिमीटरच्या वर जाते. अंतर दुप्पट झाले, चूक मात्र दहापट. कारण बिचकण्याचा ०.१ सेकंद वजा जाऊन उरलेला वेळ दुपटीहून बराच अधिक वाढतो, आणि खाली येण्याचे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० मीटरवर फुप्फुसाच्या मध्यावर धरलेला नेम मध्यावरच बसतो, ३० मीटरवर तो मर्मस्थानाच्या वरच्या कडेला जातो आणि ४० मीटरवर बाण पाठीवरून निघून जातो किंवा त्याहून वाईट म्हणजे पाठीच्या स्नायूंत रुततो. नेमबाजाने काडीचीही चूक केलेली नसते. लक्ष्य जागेवर राहिलेले नसते, इतकेच. बर्लिनमधल्या कागदी लक्ष्याला कान नव्हते.

ही केवळ कागदावरची आकडेमोड नाही, आणि इथेच चित्रीकरणाचा खरा उपयोग दिसतो. बाणाचे विज्ञान मुळातच कॅमेऱ्याच्या आधाराने उभे राहिले. धनुष्याच्या मधल्या दांड्याला वळसा घालून बाण सरळ कसा जातो, हे कोडे जुने होते. १९३० च्या दशकात पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान छायाचित्रे घेऊन दाखवले, की सुटताना बाण सापासारखा लवतो आणि लवत लवतच दांड्याला चुकवून पुढे निघतो. तेव्हा जे प्रयोगशाळेत करावे लागे, ते आज खिशातल्या फोनवर होते. नेहमीच्या चित्रणात सेकंदाला ३० चौकटी असतात, त्यामुळे एका चौकटीपासून दुसरीपर्यंत बाण पावणेतीन मीटर पुढे सरकलेला असतो आणि जवळजवळ काहीच कळत नाही. सेकंदाला २४० चौकटी घेतल्या, की हेच अंतर ३५ सेंटिमीटरवर येते. अशा संथ चित्रफितीत चौकटीमागून चौकट पाहिली, की बाण अजून वाटेत असताना हरणाचे कान वळतात, पुढचे पाय दुमडतात, छाती गवताकडे येते आणि बाण जिथे पोहोचतो तिथे मघाशी फुप्फुस होते, आता पाठीचा कणा आहे, हे डोळ्यांना दिसते. शिकाऱ्याला मात्र मचाणावरून ‘माझा बाण वर गेला’ एवढेच वाटलेले असते.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: मग वेगवान धनुष्य घ्या! आक्षेपात तथ्य आहे. बाणाचा वेग ८५ वरून १०५ मीटरवर नेला, तर ४० मीटरवरची घसरण १३ सेंटिमीटरवर येते, म्हणजे आधीच्या ३० मीटरच्या जवळपास. कमाई झाली ती दहा मीटरची. पण तिची किंमत पाहा. जाहिरातीत छापलेला सेकंदाला ३४० फुटांचा वेग, म्हणजेच सुमारे १०४ मीटर, मोजला जातो तो ७० पौंडांचा जोर, ३० इंचांची ओढ आणि ३५० ग्रेनचा, म्हणजे पावणेतेवीस ग्रॅमचा हलका बाण लावून. ज्याचे हात त्याहून आखूड, ज्याला ६० पौंडच झेपतात आणि ज्याला पाती लावलेला वजनदार बाण हवा, त्याच्या हातून तो वेग निघत नाही. तोच धनुष्यबाण वेगवान करायचा तर बाण हलका करावा लागतो. पण हलका बाण धनुष्यातली ऊर्जा पूर्णपणे उचलत नाही, उरलेली दोरीत आणि दांड्यात थरथरते आणि आवाज वाढतो. म्हणजे ज्याच्यामुळे हरीण बिचकते तेच आपण वाढवतो. शिवाय हलक्या बाणाचा संवेगही कमी पडतो, बरगडीला लागून तो अडण्याची शक्यता वाढते. आणि वेग कितीही वाढवला तरी एक गोष्ट सुटत नाही: चरत चालणारे हरीण काहीही न ऐकता, केवळ एक पाऊल टाकून अर्ध्या सेकंदात अर्धा मीटर पुढे जाऊ शकते.

दुसरा आक्षेप अनुभवी शिकाऱ्यांचा: हरीण दबकणार हे माहीत असेल, तर नेमच खाली धरावा. काही जण तसे करतातही. पण सगळीच हरणे बिचकत नाहीत. निवांत चरणारे हरीण कधी कधी आवाजाला दादही देत नाही. मान ताठ करून, कान टवकारून उभे असलेले हरीण मात्र विजेसारखे हलते. ३० सेंटिमीटर खाली नेम धरला आणि हरीण हललेच नाही, तर बाण पोटाखालून जातो किंवा पुढचा पाय मोडतो. ज्या चुकीची दिशा ठाऊक असते ती दुरुस्त करता येते. जी कधी होते आणि कधी होत नाही, तिच्यावर उपाय एकच, तिला वाव देणारा वेळ कमी करणे. हा निकष लावला की साहित्याची निवड बरीच सोपी होते. वेगापेक्षा शांतता आधी: दोरीवरची रबरी कंपशोषके, मध्यम ते जड बाण, ओढताना कुरकुर न करणारे धनुष्य. जोर एवढाच घ्यावा, की थंडीत, जाड कोट घालून, बसल्या जागेवरून हात न थरथरता दोरी ओढता येईल. पाती साधी, मजबूत आणि प्रत्येक वेळी नव्याने परजलेली. अंतर मोजणारे लेझर यंत्र तर हवेच, पण ते दूरचा बाण जमवण्यासाठी नको; ‘हे अंतर आपले नाही’ हे वेळेत कळावे म्हणून हवे.

आता चित्रीकरणाची दुसरी बाजू. कॅमेरा खरे सांगतो, पण चित्रफीत सगळे सांगतेच असे नाही. मचाणावर एकाच्या जागी दोन माणसे आली की हालचाल आणि वास दुप्पट होतो. चांगला कोन मिळेपर्यंत बाण लांबवला जातो, किंवा प्रकाश मावळतो आहे म्हणून घाईने सोडला जातो. त्याहून मोठी अडचण निवडीची: जखमी होऊन दाट झाडीत नाहीसे झालेले हरीण सहसा प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे शंभर शिकारपट पाहणाऱ्या नवशिक्याला ४५ मीटरवरून बाण हमखास लागतो असे वाटू लागते. छेद तेवढा काढून टाकला आणि अंश दाखवला, तर कोणताही अपूर्णांक मोठा दिसणारच. नोंदी ठेवल्या की चित्र बदलते. मेरिलँडमधल्या इंडियन हेड या नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळात आधुनिक धनुष्ये वापरणाऱ्या १०४ शिकाऱ्यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांना ९०८ हरणे मिळाली. १६२ हरणे बाण लागूनही सापडली नाहीत. त्यातली काही बरी झाली असतील, पण सगळी नक्कीच नाहीत. विशेष म्हणजे कंपाउंड धनुष्य आणि घोडा दाबून बाण सोडणारा क्रॉसबो यांत या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. नुसते साहित्य बदलून प्रश्न सुटत नाही, याला हा पुरेसा बोलका आधार आहे.

मग अशी शिकार असावीच का, हा तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप. ब्रिटन आणि जर्मनीत हरणांची धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, आणि तिच्यामागचे जखमी जनावरांचे कारण वरच्या आकड्यांकडे पाहता हसण्यावारी नेण्यासारखे नाही. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता हौशी शिकारीचा प्रश्नच उरत नाही, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेतली परिस्थिती वेगळी आहे. तिथल्या उपनगरांच्या कडेला नैसर्गिक शत्रू न उरल्याने हरणे बेसुमार वाढली आहेत. ती रोपवने खातात, रस्त्यावर गाड्यांसमोर येतात. वस्तीजवळ रायफल चालवता येत नाही, कारण चुकलेली गोळी दूरवर जाते. झाडावरून खाली सोडलेला बाण मात्र चुकला तर जवळच मातीत रुततो. कमी पल्ला हा तिथे धनुष्याचा गुण ठरतो. पण तो पल्ला प्रामाणिकपणे पाळला जातो आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी शिकाऱ्यांवरच येते. त्यासाठीचे उपकरण त्यांच्याच मचाणावर बसवलेले आहे. धनुर्धाऱ्याशेजारच्या कॅमेऱ्यात दोरीचा आवाज आणि बाण लागल्याचा आवाज यांत ०.४४ सेकंदाचे अंतर असेल, तर ८५ मीटर वेगाच्या बाणासाठी हरीण ३० मीटरवर होते, ०.५९ सेकंद असेल तर ४० मीटरवर. बाणाचा वेग कळला, तर हा हिशेब कुठल्याही प्रेक्षकाला घरबसल्या करता येईल. प्रत्येक शिकारपटासोबत बाणाचा वेग, वजन आणि अंतर जाहीर झाले आणि न सापडलेल्या जनावरांचे चित्रणही त्यातच राहिले, तर दहा वर्षांत कोणत्याही प्रयोगशाळेला जमणार नाही एवढी माहिती जमेल. ती माहिती पल्ला आणखी कमी करा म्हणाली तर तो कमी करावा, आणि हे थांबवा म्हणाली तर थांबवावे.